कोऱ्या पत्राचं उत्तर

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस, वेगळा असा ‘मी’ कुणी नाहीच, मन हा भास आहे; मग नोकरी कशाला आणि आईच्या औषधपाण्याची काळजी तरी कुणी करायची? पहिलं वाचून मला आनंद झाला. दुसरं वाचून रात्री झोप लागली नाही.

आपल्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर ज्ञानदेवांची आळंदी आहे. परंपरा सांगते, 1400 वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत, तर ज्ञानानं थोर. नमस्कार लिहावा, तर स्वतःचं वय आडवं आलं. एवढा मोठा योगी मायन्यापाशीच अडला! मला वाटतं, वेगळ्या ‘मी’ची सगळी अडचण त्या कोऱ्या कागदावर आहे. आपण थोरले की धाकटे हे ठरल्याशिवाय मनाला पुढे जाता येत नाही.

गुरू निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी 65 ओव्यांत उत्तर लिहिलं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पाहणारा, पाहायची वस्तू आणि पाहणं हे तीन वाटतात, पण मुळात वस्तू एकच, हे ते आरशाच्या दाखल्यानं समजावतात. आरसा समोर आला की बघणारा एक आणि दिसणारा एक असे दोन होतात. आरसा काढला तरी मुख असतंच. म्हणजे खोटं ठरतं ते दुजेपण. आई, तिचं दुखणं, तुझी माया यांतलं काहीही त्यांनी खोडलेलं नाही.

‘मी नाहीच’ असं ठासून सांगणारा कोण, तेवढं शांतपणे पाहा. बहुतेक वेळा तो जुनाच मी असतो, फक्त आता त्याला जबाबदारी नको असते.

निसर्गदत्त महाराजांचं ‘आय ॲम दॅट’ तू वाचतोस. 1973 साली निघालेल्या त्या इंग्रजी पुस्तकामागची संभाषणं मराठीत झाली होती. 1936 साली गुरू सिद्धरामेश्वर गेल्यावर महाराज घर सोडून हिंडले, पण मुंबईला परतले, विडीचं दुकान चालवलं, संसार सांभाळला.

आणखी एक. सगळं जग परकं, खोटं वाटून भीती वाटत असेल, झोप उडाली असेल, तर त्याला अनुभूती समजू नकोस. सरळ डॉक्टरांकडे जा. त्यात साधनेला कमीपणा नाही.

ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ सध्या राहू दे. आधी पासष्टी वाच, दिवसाला एकच ओवी. आणि आज संध्याकाळी आईला फोन करून औषधं संपत आली आहेत का, ते विचार.

तुझी,
मावशी