लढाई सुरू, गोष्ट बंद?

प्रश्न : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना लढाई सुरू झाली की आमची गोष्ट थांबते. काय करावे?

उत्तर : लढाई आणि गोष्ट यांच्यातली ही ओढाताण खेळाच्या जन्मापासूनचीच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा पात्रे वठवत गोष्ट रचण्याचा खेळ १९७४ साली आला तो छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. २००८च्या चौथ्या आवृत्तीत चौकटींचा पट केंद्रस्थानी आला. डावपेच रंगले, पण लढाया लांबल्या.

खरा उपाय लढाईच्या हेतूत आहे. शत्रूला संपवणे एवढेच ध्येय असले, तर उरते आकडेमोड. तेच जळत्या पुलावरून ओलिसाला पलीकडे न्यायचे असेल, तर प्रत्येक चालीतून पात्राचा स्वभाव दिसतो: कोण मागे थांबतो, कोण पळ काढतो.

२०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या अशाच दुसऱ्या खेळातली युक्तीही उचलावी. दोन फासे आणि पात्राचा गुण मिळून ७ ते ९ आले, की यश मिळते, पण बहुधा काहीतरी गमावून. काय गमावले, इथूनच पुढचा प्रसंग सुरू होतो.