पल्सरचं इंजिन तापतंय?

प्रश्न : माझी पल्सर २२० जुनी आहे. एलबीएस मार्गावरच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन भयंकर तापतं. मेकॅनिक म्हणतो, ऑइल कूलरचा थर्मोस्टॅट गेलाय. बदलून घेऊ का?
– एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)

उत्तर : मुळीच नको. तुमच्या गाडीच्या ऑइल कूलरला थर्मोस्टॅट नसतोच. तो असतो जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ सारख्या गाड्यांत. थंड ऑइल तो कूलरकडे जाऊ देत नाही, साधारण ८५ अंशांना उघडतो. पल्सरमध्ये ऑइल सतत कूलरमधून फिरतं आणि पंखा नसल्यामुळे ते निवतं फक्त वाऱ्यावर. गाडी अडकली की वारा बंद. त्यामुळे लांबच्या सिग्नलला इंजिन बंदच करा.

आता कूलर नीट बघा. पुढच्या चाकाचा चिखल जाळीच्या बारीक पात्यांत वाळून बसतो, विशेषतः पावसाळ्यानंतर. इंजिन गार असताना साबणपाणी आणि मऊ ब्रश वापरा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू देऊ नका, ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि वाऱ्याची वाटच बुजते. पाइपच्या जोडांवर ओलसर काळपट थर दिसला तर वॉशर नवे घाला. बोल्ट नुसता आवळत बसलात तर आटे जातील. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून तपासा. ऑइल २०डब्ल्यू-५० चंच हवं.