दगडी घर आणि त्याच्या भिंती

आज आम्ही तुम्हांला एका शेतकऱ्याचे घर दाखवणार आहोत. घर आहे लांब इंग्लंडात, लिंकनशायर परगण्यात. गावाचे नाव वूल्सथॉर्प. घर सुमारे चारशे वर्षांचे जुने आहे.

घर चुनखडीच्या दगडाचे आहे. हा दगड त्याच भागात निघतो. जवळ जे मिळेल त्याचे घर बांधावे, ही शेतकऱ्याची रीत सगळीकडे सारखीच! भिंतींना साधा दगड आहे. खिडक्यांना मात्र घडीव दगड बसवला आहे.

आता खिडक्या नीट बघा. त्यांच्या मधे दगडाचे उभे खांब आहेत. ते कशाला? वर भिंतीचा भार असतो. रुंद खिडकीवर नुसता आडवा दगड ठेवला, तर तो मधेच तडकेल. खांब त्याला टेकू देतात. तिकडे थंडी फार. म्हणून भिंतीतच शेकोटीची जागा केली आहे. धूर धुराड्यातून वर जातो.

या घरात १६४२ साली एक मूल जन्मले. बाप तीन महिने आधीच वारला होता. तो खाऊनपिऊन सुखी शेतकरी होता, पण त्याला स्वतःची सही करता येत नव्हती. त्या मुलाचे नाव आयझॅक न्यूटन.

आईने त्याला शाळेतून काढून शेतीला लावले. पण पोराचे लक्ष शेतीत लागेना. मामाने आणि मास्तरांनी आईची समजूत घातली. पोरगा पुन्हा शाळेत गेला, आणि १६६१ साली केंब्रिजला पोचला.

१६६५ साली प्लेगची साथ आली. विद्यापीठ बंद पडले. न्यूटन घरी परतला. याच घरात त्याने खोलीत अंधार केला आणि बारीक भोकातून उन्हाची तिरीप आत घेतली. ती काचेच्या लोलकातून जाताच समोर इंद्रधनुष्याचे रंग उमटले! पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, हे त्याने ओळखले.

२०१७ साली तज्ज्ञांनी खास दिव्याच्या उजेडात या घराच्या भिंती तपासल्या. शेकोटीजवळ पवनचक्कीचे कोरलेले चित्र सापडले. ते लहानग्या न्यूटनने काढले असावे, असे ते म्हणतात.

बघा, बापाला सही येत नव्हती. पोराने जगाला उजेड वाचायला शिकवले. मामा आणि मास्तर आड आले नसते, तर? म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या पोराला शाळेतून काढण्याआधी दोनदा विचार करा.