मोटारीतील ब्लोअर : दोष कोठे आणि कारण कोणते?

बिलोलीसारख्या उष्ण प्रदेशातील गावी मोटारीला हीटर हवा कशाला, असा प्रश्न विद्यार्थी सहज विचारतील. परंतु पौषातील पहाटे मांजरा नदीच्या बाजूने, अथवा श्रावणसरींत नरसीमार्गे नांदेडास निघालेल्या मोटारीत चार माणसे काचा लावून बसली, म्हणजे त्याचे उत्तर आपोआप मिळते. श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते, समोरची काच आतून धुरकट होते, आणि पुढील बैलगाडी अगदी जवळ येईतो दिसत नाही. हीटरची उष्ण हवा किंवा एसीची कोरडी हवा ही काच स्वच्छ करते, आणि ती हवा काचेपर्यंत लोटणारा पंखा म्हणजेच ब्लोअर होय. बहुतेक मोटारींत हीटर व एसी या दोहोंस मिळून पंखा एकच असतो. तेव्हा तो बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. त्यात जिवाचा प्रश्न आहे.

मारुती ८०० ही मोटार आपल्या देशात १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्या पिढीच्या जुन्या गाड्यांतील विजेची रचना साधी असल्यामुळे ज्याने शाळेत विजेचा धडा नीट अभ्यासिला आहे त्याला ब्लोअरचा दोष शोधणे कठीण जाऊ नये.

प्रथम प्रवाहाचा मार्ग ध्यानी घ्यावा. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून व किल्लीच्या स्विचमधून ब्लोअरच्या मोटरकडे जाते, आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे बॅटरीच्या ऋण टोकास परत येते. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. पंख्याची गती कमी-अधिक करण्यासाठी या मार्गात एक रोधक बसविलेला असतो. बाजारात त्याला रेझिस्टर म्हणतात. मंद गतीच्या वेळी प्रवाह रोधकातून जातो. सर्वांत जलद गतीच्या वेळी बहुधा तो रोधकास वगळून जातो.

एवढे समजले की लक्षणांवरून बराच उलगडा होतो. पंखा केवळ जलद गतीवर चालतो व इतर गतींवर मुका राहतो, तर रोधक जळला असे समजावे. मोटरचा आवाज येतो परंतु हवा क्षीण येते, तर हवेची वाट तुंबली आहे. किरकिर ऐकू येते, तर मोटरचे बुश कोरडे पडले आहे किंवा पात्यांत कचरा अडकला आहे. हलकेच ठोकल्यावर पंखा सुरू होतो, तर मोटरमधील कार्बन झिजले असण्याचा संभव फार.

कोणत्याच गतीवर पंखा फिरत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी, स्विच जलद गतीवर ठेवावा, आणि मोटरचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांस बारा व्होल्टचा दिवा लावून पाहावा. दिवा लख्ख पेटला तर वीज येथवर पोहोचते आहे, दोष मोटरचा. न पेटल्यास दिव्याचे एक टोक सांगाड्याच्या उघड्या धातूस लावून दुसरे टोक प्लगच्या दोन्ही टोकांस आळीपाळीने लावावे. एकावर तरी दिवा पेटला, तर परतीची वाट तुटली आहे. कोठेच न पेटला, तर येणारी वाट. येणेप्रमाणे तीन-चार चाचण्यांत दोषाचे ठिकाण हाती लागते, आणि अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

परंतु दोषाचे ठिकाण सापडले म्हणजे दोषाचे कारण सापडले असे नव्हे. येथे ओहम यांचा नियम उपयोगी पडतो. जॉर्ज ओहम हे जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिक्षक होते. त्यांनी हा नियम १८२७ साली प्रसिद्ध केला. उदाहरणार्थ, १ ओहमच्या रोधकातून ५ अँपिअर प्रवाह गेला तर ५ व्होल्ट तेथे खर्ची पडतात, मोटरला ७ उरतात, आणि रोधकात २५ वॅट उष्णता निर्माण होते. ती निवविण्यासाठी रोधक पंख्याच्या हवेतच बसविलेला असतो. आता निंबाखाली उभ्या केलेल्या गाडीत समोरच्या काचेखालील जाळीतून पाने आत गेली, किंवा उंदराने कापसाचे घरटे केले, आणि पंखा अडखळू लागला असे समजा. मोटर अधिक प्रवाह ओढते. तो ८ अँपिअर झाला तर रोधकातील उष्णता ६४ वॅट होते, म्हणजे अडीच पटींहून अधिक. आणि नेमक्या त्याच वेळी निवविणारी हवा घटते. मग रोधक जळेल नाही तर काय!

अशा वेळी नुसता नवा रोधक बसविणारा मनुष्य लवकरच तिसरा रोधक विकत घेईल. सबब बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, बहुधा डाव्या बाजूस डॅशबोर्डाखाली असलेला पंखा उतरवावा, पाने व धूळ काढावी, आणि पाते बोटाने सहज फिरते की नाही हे पाहावे. फिरत नसेल तर मोटर दुरुस्त करावी अथवा बदलावी, आणि मगच नवा रोधक बसवावा. प्लग तापून तपकिरी झाला असेल तर तोही बदलावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. फ्यूज वितळतो तो गाडी वाचविण्यासाठी. त्याच्या जागी जाड तार बसली की पुढे तापतात त्या डॅशबोर्डामागील तारा, आणि तेथून आग लागते.

पालकांनीही पावसाळ्यापूर्वी एकदा ती जाळी झाडून घ्यावी आणि ब्लोअर प्रत्येक गतीवर चालवून पाहावा. पाच मिनिटांचे हे काम मुलांकडून करवून घेतले, तर गाडी नीट राहील आणि पुस्तकातील धडाही हाताशी येईल.