निवडणुकीच्या बोलण्यातून इंग्रजी शब्दपरिचय

इ. स. 2000 पासून आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तथापि पाठ केलेला शब्द पुष्कळदा वहीतच राहतो. मुळशी तालुक्यातील हिंजवडीसारख्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक आली की पारावर 'फॉर्म', 'पॅनेल', 'बूथ', 'डिपॉझिट' हे शब्द मुलांच्या कानी आपोआप पडतात. मतदानाचे केंद्र तर पुष्कळदा त्यांचाच वर्ग असतो! शिक्षकबंधुभगिनींनी येथूनच आरंभ करावा.

आपला उमेदवार 'उभा राहतो'. इंग्लंडातलाही 'स्टँड' करतो. अमेरिकेतला मात्र 'रन' करतो, म्हणजे धावतो. हे ऐकून मुले हसतात, आणि दोन्ही क्रियापदे ध्यानात राहतात. 'कँडिडेट' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'शुभ्र' हा अर्थ आहे. प्राचीन रोममधील उमेदवार पांढरा झगा घालून मते मागत. (आपल्याकडील पांढऱ्या कपड्यांविषयी मुले बोलतीलच; बोलू द्यावे.) रिंगणात हॅट टाकणे हा इंग्रजी वाक्प्रचार मुष्टियुद्धातला. त्याच्याशेजारी आपला 'शड्डू ठोकणे' मांडला, की अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. उदाहरणांत कोणत्याही पक्षाचे वा गावातील उमेदवाराचे नाव येऊ नये. दोन भाऊ दोन पॅनेलांत असतात, आणि त्यांची मुले आपल्यापुढे एकाच बाकावर बसलेली असतात. त्याऐवजी वर्गप्रमुखाची निवडणूक चिठ्ठ्या टाकून घ्यावी व हे सर्व शब्द तीत वापरावेत.