नवजात बाळाचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन : खर्च किती, विचारायचं काय?

बाळंतपणाच्या खर्चाचा हिशेब घरोघरी काही महिने आधीच मांडला जातो. नॉर्मल झालं तर किती, सिझर झालं तर किती, खोली कोणती घ्यायची. त्यात जन्मल्यावर लगेच द्यायच्या व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनची ओळ मात्र सहसा नसते. सरकारी रुग्णालयात हे इंजेक्शन मोफत मिळतं. खासगीत औषधाची किंमत साधारण शंभर रुपयांच्या आत असते. ते राहून गेलं, तर होऊ शकणारा रक्तस्राव बाळाच्या जिवावर बेततो. म्हणून प्रसूतीसाठी नाव नोंदवायला जाल, त्याच दिवशी याची चौकशी करा.

गरज कशासाठी?

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. गर्भात असताना ते वारेतून बाळापर्यंत फारच कमी पोहोचतं. हे जीवनसत्त्व बनवणारे जिवाणू नवजात बाळाच्या आतड्यात नसतात. आईच्या दुधात ते लिटरमागे जेमतेम १ ते ४ मायक्रोग्रॅम असतं, आणि आईनं नेहमीच्या आहारात पालेभाजी वाढवली तरी ही कमतरता भरून निघत नाही. बाळाला आईचंच दूध द्यायचं, त्यात काही बदल नको. फक्त हे इंजेक्शन चुकवायचं नाही. गुटीनं ही गरज भागत नाही.

रक्तस्राव तीन टप्प्यांत होऊ शकतो. पहिल्या २४ तासांतला बहुधा आईच्या औषधांशी जोडलेला असतो. दुसऱ्या ते सातव्या दिवसातला नाळ, नाक किंवा शौचावाटे दिसतो. सर्वांत घातक टप्पा साधारण २ ते १२ आठवड्यांचा. सहा महिन्यांपर्यंतही धोका असतो. या टप्प्यात निम्म्याहून अधिक बाळांना मेंदूत रक्तस्राव होतो. तोवर बाळ-बाळंतीण माहेरी स्थिरावलेली असतात, बाळ वरवर अगदी सुदृढ दिसत असतं आणि रुग्णालयाशी संबंध संपलेला असतो. जन्मावेळचं इंजेक्शन याच दिवसांसाठी संरक्षण देतं.

सरकारी रुग्णालयात

केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन द्यायचं आहे. वजन १००० ग्रॅम किंवा अधिक असेल तर १ मिलिग्रॅम, त्याहून कमी असेल तर अर्धा मिलिग्रॅम. ते मांडीच्या स्नायूत, जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत दिलं जातं. २०११पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. त्यामुळे सरकारी रुग्णालयात कुणी हे औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. वाहनासाठी १०२ हा क्रमांक आहे.

खासगी रुग्णालयात

इथे बिलाची विभागणी समजून घ्या :

- औषध : ॲम्प्यूलवर छापील किंमत असते, त्याहून जास्त घेता येत नाही. औषधांच्या कमाल किमती ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर तपासता येतात.
- सुई-सिरिंज : ही किरकोळ रक्कम आहे, तीही छापील किमतीतच.
- बालरोगतज्ज्ञांची फी : खरा फरक इथे पडतो. प्रसूतीच्या पॅकेजमध्ये अनेकदा फक्त आईचा खर्च धरलेला असतो आणि ‘बाळाचं बिल’ वेगळं निघतं. बाळाची पहिली तपासणी, व्हिटॅमिन के आणि जन्मावेळच्या लसी पॅकेजमध्ये आहेत का, हे लेखी घ्या.

२०२१च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी प्रमुख सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बिल तपशीलवार मागा. जास्त आकारणीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर करता येते.

प्रसूतीआधी डॉक्टरांना हे सांगा

आईला फिट्सची, क्षयाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील, तर ते आधीच सांगा. या बाळांना पहिल्याच दिवशी रक्तस्रावाचा धोका असतो. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

‘तोंडावाटे थेंब चालतील का?’ असंही पालक विचारतात. तोंडावाटे एकच डोस दिल्यानं उशिराच्या रक्तस्रावापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. काही देशांत त्यासाठी अनेक डोस ठरलेल्या दिवशी द्यावे लागतात आणि एखादा चुकतोच. इंजेक्शन एकदाच पुरतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एका अभ्यासानं या इंजेक्शनचा कर्करोगाशी संबंध असल्याची शंका उपस्थित केली होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध दिसला नाही.

घरी सोडताना

डिस्चार्ज कार्डवर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर इंजेक्शनची तारीख, वेळ आणि मात्रा लिहून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, तर हा कागद सासरी नेण्याच्या सामानात आधी ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तोच आधार असतो. बारशाला कान टोचण्याआधी किंवा सुंता करण्याआधी ही नोंद पाहा. ती सापडत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

बाळ घरी किंवा वाटेत जन्मलं, तर २४ तासांच्या आत जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. आशाताई घरी भेटीला येतात, तेव्हा त्यांनाही सांगा. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. नंतरही ते देता येईल का, हे डॉक्टर ठरवतील.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

नाळेतून, नाकातून किंवा तोंडातून रक्त, आपटल्याशिवाय अंगावर काळेनिळे डाग, काळी शी, पांढुरका पडलेला चेहरा, दूध न ओढणं, सतत उलट्या, गुंगी, झटके, फुगलेली टाळू. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल आणि शी पांढरट होत असेल, तर तेही दाखवा. यकृताच्या विकारात व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. नाकातून आलेलं थोडंसं रक्त किंवा लहानसा डागही ‘उष्णता’ किंवा ‘दृष्ट’ म्हणून सोडू नका. १०८ला फोन करा आणि इंजेक्शनची नोंद असलेलं कार्ड बरोबर न्या.

अशा वेळी अतिदक्षता विभाग, मेंदूचं स्कॅन, प्लाझ्मा आणि कधी शस्त्रक्रियाही लागते. खासगीत रोजचा खर्च हजारांत जातो, एकूण लाखांत. आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंत मोफत उपचार मिळतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते १५५३८८ वर विचारा.

उपचारांनी बाळ वाचलं, तरी मेंदूला झालेली इजा आयुष्यभर राहू शकते, आणि ती भरून देणारी कोणतीही योजना नाही. म्हणून प्रसूतीच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : ‘बाळाला व्हिटॅमिन के दिलं का, किती वाजता?’ उत्तर कार्डावर लिहून घेण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे आत्ताच सोपवा.