बाजाराची संगणक-प्रणाली आणि विश्वासाचा आराखडा

व्यापार विश्वासावर चालतो, हे आपण सर्वच ऐकत आलो. परंतु कोणाचा कोणावर, कोणत्या बाबतीत व किती रकमेपर्यंत, हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. संगणक-प्रणाली रचणाऱ्यांस मात्र तो मांडावाच लागतो. ते माहितीचा प्रवास कागदावर रेखाटतात आणि जेथे एकाचा शब्द दुसऱ्याने पडताळल्यावाचून घेऊ नये, तेथे तुटक रेषा काढतात. तिला विश्वासाची सीमा म्हणतात.

आपल्या धान्यबाजारात ही रेषा कोठे पडते? पूर्वी खरेदीदार ढिगात हात घाली, दाणा चावून ओल अजमावी, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाममध्ये दूरचा खरेदीदार माल न पाहताही बोली लावू शकतो. मग विश्वासाची गरज सरली काय? मुळीच नाही. ती नमुना तपासणाऱ्याकडे व काट्याकडे सरकली. ओलाव्याचा आकडा तेथे चुकला, तर यंत्र तो चुकीचा आकडाच बिनचूकपणे सर्वत्र पोचवील.

नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे प्रकरण व्यापारीबंधूंच्या स्मरणात असेलच. सौदे संगणकावर झटपट होत. परंतु पावतीमागे वखारीत माल आहे, हे सांगण्याची जबाबदारीही सौदे चालविणाऱ्या संस्थेकडेच होती. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार स्थगित झाले, सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले, आणि कित्येक वखारींत पावतीवरचा माल आढळला नाही. सौदा आणि वखार यांच्यामध्ये तुटक रेषा हवी होती, व त्या रेषेवर तिऱ्हाईत तपासनीस.

आता आपल्या दुकानापुरते. काट्यावर वजन नोंदविणाऱ्यास ती नोंद बदलण्याचा अधिकार नसावा. बदल करावाच लागला, तर जुना आकडा दिसत राहावा आणि बदलणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप उमटावी. चांगले मुनीमही चुकलेल्या रकमेवर एकच रेघ मारून शेजारी नवी रक्कम लिहीत. खाडाखोड करीत नसत.

प्रणाली विकणारे गृहस्थ रंगीत पडदे दाखवितात आणि मालकास काहीही बदलता येते, असे कौतुकाने सांगतात. आम्हांस नेमके तेच नको आहे. मालकाला खोडता येणारी वही बँकेने किंवा भागीदाराने का मानावी? १ एप्रिल २०२३ पासूनच्या हिशेबी वर्षांकरिता कंपन्यांना, संगणकावर हिशेब ठेवत असल्यास, बदलांचा माग राखणारी प्रणाली वापरणे बंधनकारक झाले आहे. भागीदारी पेढ्यांस तो नियम लागू नाही. पण चार भावांच्या पेढीत त्याची गरज कंपनीहून कमी आहे, असे आम्हांस वाटत नाही.